सूतभर उंचीची माशी

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या शनिवारी मी इंडियाना राज्यातल्या एका शेताच्या कडेला वाळूच्या पिशवीवर हात टेकून बसलो होतो. हातात १८५१ सालच्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरची इटलीत बनलेली प्रतिकृती होती आणि समोर २५ यार्डांवर कागदी लक्ष्य. पाच बार काढले. पांढरा धूर विरला तेव्हा नाकात शिरलेला वास थेट सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या अंगणात घेऊन गेला. गंधक, कोळसा आणि सोरा ही फटाक्याची आणि या पिस्तुलाची दारू एकाच घराण्यातली. कागद पाहिला तर पाचही भोकं तळहाताएवढ्या जागेत, शिस्तीत बसलेली. पण काळ्या वर्तुळात नाही, त्याच्या दहा इंच वर, कागदाच्या जवळजवळ काठाला.

हा लेख त्या दहा इंचांविषयी आहे. मी इतिहासकार नाही आणि शिकारीही नाही. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, आणि निवृत्तीनंतर मुलाकडे इंडियानात येऊन राहिलो. इथले माझे शेजारी ८१ वर्षांचे आहेत. तोंडाने दारू भरायच्या जुन्या बंदुका चालवण्याचा त्यांना षोक. या षोकाची इथे मोठी परंपरा आहे; याच राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या खेड्यात राष्ट्रीय मझल लोडिंग रायफल असोसिएशनच्या स्पर्धा वर्षानुवर्षं भरतात. मी कानस धरून पोट भरलं हे कळल्यावर त्यांनी एक दिवस कपाटातून लाकडी पेटी काढली. आत त्यांच्या पणजोबांचं अस्सल कोल्ट नेव्ही होतं. "सगळ्या कोल्टच्या गोळ्या वर जातात," ते म्हणाले. "तुम्ही याला उंच माशी बसवून द्या. पुढच्या वर्षी नातवासमोर मला एकदा हेच पिस्तूल घेऊन उभं राहायचंय."

मी लगेच हो म्हटलं नाही. कानशीने काढलेला धातू परत लागत नाही, हे टूलरूममध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. आधी प्रतिकृतीवर शिकू, मग अस्सलाला हात लावू, असं ठरलं.

'माशी' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. नळीच्या टोकावर, नेम धरताना डोळ्यासमोर येणारा जो लहानसा उंचवटा असतो त्याला आपल्याकडे माशी म्हणत. कोल्ट नेव्हीवर ती खरोखर माशीएवढीच आहे: पितळेचा एक गोलसर मणी, नळीत ठोकून बसवलेला. गंमत आहे ती मागच्या खाचेत. एरवी नेमाची मागची खाच नळीवर किंवा सांगाड्यावर असते. कोल्टच्या या पिस्तुलाला दारूच्या सहा घरांच्या फिरत्या चक्रावरून जाणारी वरची पट्टीच नाही, चक्र वरून उघडं. मग खाच कापायची कुठे? ती घोड्याच्या नाकावर कापली आहे. घोडा खाली असेल तेव्हा नेम धरायला काही नाहीच. घोडा पूर्ण मागे ओढला की त्याच्या नाकावरची बारीक खाच वर येते, त्या खाचेत पुढची माशी बसवायची. म्हणजे नेमाचं एक टोक हलत्या भागावर. त्या काळच्या रेमिंग्टनच्या पिस्तुलाला वर भक्कम पट्टी होती आणि खाच त्या पट्टीत होती. यंत्रकाम करणाऱ्या माणसाला ती रचना अधिक पटते. तरीही हातात धरल्यावर कोल्टचा तोल काही औरच, हे कबूल केलं पाहिजे.

ही पिस्तुलं थोडीथोडकी नव्हती. १८५० ते १८७३ या काळात नेव्ही नमुन्याची सर्व मिळून अडीच लाखांच्या आसपास पिस्तुलं निघाली. त्यातली चाळीस हजारांच्या आसपास लंडनमधली. सॅम्युएल कोल्टने १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात आपला माल मांडला आणि दोन वर्षांनी थेम्स नदीकाठी पिम्लिको इथे कारखानाही उघडला. तो तीन-चार वर्षंच चालला. पण तेवढ्यात ही पिस्तुलं इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला लागली आणि १८५७ साली हिंदुस्थानातही दिसली. त्या उठावातली एक कथा इंग्रज सैन्यात पुढे पुष्कळ वर्षं सांगितली जाई. पिस्तूलबाजीचा अभिमान असलेल्या एका अधिकाऱ्यावर एक शिपाई तलवार घेऊन धावून गेला. अधिकाऱ्याने कोल्ट नेव्ही रिकामं केलं, तरी शिपाई थांबला नाही आणि त्याने अधिकाऱ्याला ठार केलं. नंतर पाहिलं तर त्या शिपायाच्या छातीत गोळ्यांच्या जखमा अगदी जवळजवळ होत्या. सांगणाऱ्यांचा मुद्दा असा, की ३६ कॅलिबरची, म्हणजे इंचाच्या शंभर भागांतल्या ३६ भागांएवढ्या व्यासाची गोळी माणसाला अडवायला अपुरी पडते. मला त्यात दुसरंच दिसतं: पिस्तूल नेमाला उत्तम होतं. गोळ्या 'जवळजवळ' पडतात, ही अर्धी लढाई. (त्या शिपायाचं नाव मात्र कुणी टिपून ठेवलं नाही. कथा पिस्तुलाची आहे ना!)

नेमबाजीत या दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. गोळ्या एकमेकींजवळ पडणं हा पिस्तुलाचा आणि हाताचा गुण. त्या हव्या तिथे पडणं हे माशी आणि खाच यांचं काम. माझ्या पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत होत्या, म्हणजे पहिलं जमलं होतं. गोळ्या सबंध कागदभर विखुरलेल्या असतील तर माशीला हात लावणं म्हणजे ताप कशाने आला ते न पाहता थर्मामीटर बदलणं.

आता गोळ्या वर का जातात? इथल्या नेमबाजांचं ठरलेलं उत्तर असं, की ही पिस्तुलं मुळात ७५ यार्डांसाठी लावलेली असत. याला आधार म्हणून वाइल्ड बिल हिकॉकचा दाखला देतात. २१ जुलै १८६५ रोजी मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डच्या चौकात त्याने डेव्हिस टटला सुमारे ७५ यार्डांवरून एका गोळीत टिपलं, आणि हिकॉक कोल्ट नेव्हीच वापरायचा. उत्तर ऐकायला छान आहे. मी एका संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. गोळीचा वेग सेकंदाला साडेआठशे फुटांच्या आसपास धरला, तर ७५ यार्ड जाईपर्यंत ती गुरुत्वाकर्षणाने साधारण सोळा इंच खाली येते. ती घट भरून काढायला नळी जेवढी वर रोखावी लागेल, तेवढी रोखली तर २५ यार्डांवर गोळी तीन-साडेतीन इंच वर लागेल. दहा नाही. दहा इंच वर लागणारं पिस्तूल हिशेबाने दीडशे यार्डांच्या जवळपास नेमावर येतं, आणि दीडशे यार्डांवर पिस्तुलाने माणूस टिपायचं स्वप्न कोल्टनेही पाहिलं नसेल. तेव्हा ७५ यार्डांचा खुलासा दहातले तीन इंच समजावतो. उरलेल्या सातांचं काय?

त्यातला काही भाग धक्क्याचा आहे. गोळी साडेसात इंचांच्या नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा हजारावा भाग गुणिले दीड एवढाच वेळ घेते, पण तेवढ्यातही पिस्तूल मागे सरकून नळीचं तोंड वर उचलायला लागलेलं असतं. मूठ नळीच्या रेषेखाली असल्यामुळे ते अटळ आहे. म्हणून कुठल्याही पिस्तुलाची माशी मागच्या खाचेपेक्षा उंच असावी लागते: नेम धरताना नळी किंचित खाली झुकावी आणि धक्क्याने वर यावी. कोल्टने ती ठेंगणी का ठेवली याचा लेखी खुलासा माझ्या पाहण्यात नाही. पण उंच, धारदार माशी चामड्याच्या म्यानात अडकते, घोड्यावर बसून पिस्तूल उपसणाऱ्याला ते परवडणारं नाही, हे उघड आहे. दहा पावलांवर तीन-चार इंचांनी काय बिघडतं? कंबरेवर नेम धरला की छातीत लागते.

आणखी एक भाग पाचरीचा निघाला, आणि तो मला सगळ्यात आवडला. या उघड्या कोल्टमध्ये नळी सांगाड्याला स्क्रूने जोडलेली नसते. सांगाड्यातून एक जाड दांडा पुढे येतो, त्यावर चक्र फिरतं, दांड्याचं टोक नळीखालच्या भोकात जातं आणि दोन्हींतून आडवी एक पोलादी पाचर ठोकतात. दांडा भोकाच्या तळाला टेकला पाहिजे. माझ्या प्रतिकृतीत तो टेकत नव्हता, जरा आखूड होता. परिणामी पाचर जितकी आत ठोकावी तितकी नळीची खालची बाजू सांगाड्याला टेकून राही आणि वरची बाजू मागे ओढली जाई. म्हणजे नळीचं तोंड आकाशाकडे. सफाईसाठी पिस्तूल दर वेळी खोलायचं आणि दर वेळी पाचर थोडी कमीजास्त बसायची. त्यामुळे एका आठवड्यात गोळ्या नऊ इंच वर, तर दुसऱ्या आठवड्यात बारा. अशा पिस्तुलाची माशी कितीही घासा, उपयोग शून्य. नळीच्या भोकाच्या तळाशी मी एक पोलादी चकती बसवली, दांडा टेकेपर्यंत घासून मापात आणली. पाचर मग अंगठ्याने दाबून आणि हलकी टिचकी मारून एकाच जागी बसू लागली. गोळ्या आठ इंच वर आल्या आणि आठवर राहिल्या. राहिल्या हे महत्त्वाचं.

उरलेलं गणित त्रैराशिकाचं. माझ्या पिस्तुलात घोडा मागे ओढल्यावर खाचेपासून माशीपर्यंत साडेनऊ इंच भरतात. लक्ष्य २५ यार्ड, म्हणजे ९०० इंच. ९०० भागिले साडेनऊ, सुमारे ९५. म्हणजे माशी इंचाच्या शंभराव्या भागाने उंच केली, की गोळी कागदावर जवळजवळ एक इंच खाली येते. आठ इंचांसाठी सव्वादोन मिलिमीटरपेक्षा थोडं कमीच. आमच्या फिटर लोकांच्या भाषेत इंचाचे आठ सूत. म्हणजे हा सगळा खटाटोप सूतभरही नाही अशा उंचीसाठी. दिशेचा गोंधळ अनेकांचा होतो, म्हणून सांगून ठेवतो: मागची खाच ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला गोळी जाते, पुढची माशी सरकवाल त्याच्या उलट बाजूला. गोळी खाली आणायची तर खाच खोल करा किंवा माशी उंच करा. खाच खोल करणं सोपं वाटतं, दोन मिनिटांचं काम. पण घोड्याचं नाक आधीच नाजूक, आणि खाच फार खोल गेली की माशीऐवजी नळीचं बूडच दिसायला लागतं.

जुना मणी काढून मी त्या भोकात पितळी काडी ठोकली. (पितळेची काडी हातात पाहून सौभाग्यवती देवघरात जाऊन समई तपासून आल्या. "अहो, विचारून कापत जा," एवढंच म्हणाल्या.) जुनी माशी अडीच मिलिमीटर उंच होती, हिशेबाने ४.६ हवी, मी ५.६ ठेवली. मुद्दाम जास्त. गोळ्या चार इंच खाली लागल्या पाहिजेत, आणि तशाच लागल्या. मग दर खेपेला पिस्तूल पूर्ण रिकामं करून, टोप्या काढून, शिकंज्यात धरून बारीक कानशीने थोडं घासायचं आणि पुन्हा पाच बार. दारू दर वेळी २० ग्रेन, मापाने मोजलेली. गोळी एकाच साच्यातली. घरांच्या तोंडावर चरबीचा लेप. यातलं काही बदललं की नेम बदलतो. एरवी निरुपद्रवी वाटणारा बदल म्हणजे दारू पाच ग्रेन वाढवणं, पण त्याने धक्काही बदलतो आणि गोळी नळीत राहण्याचा वेळही.

०.३ मिलिमीटर, पुन्हा ०.३. गोळ्या दीड इंच खाली आल्या. आणि इथे मी चूक केली. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, घरी पाहुणे येणार, अंधार पडत आलेला. पाचऐवजी तीनच बार काढले. त्यातला एक माझ्याच हाताने खाली ओढला गेला होता, पण मी तिघांची सरासरी धरली आणि साडेतीन इंच खाली समजून ०.९ मिलिमीटर एकदम काढलं. ०.४ पुरलं असतं. पाडव्याला गेलो तर गोळ्या दोन इंच वर. टूलरूममध्ये एखाद्या शिकाऊ पोराने असं केलं असतं तर मी त्याला काय बोललो असतो ते इथे छापता येणार नाही. ती माशी उपटून टाकली आणि नवी बसवली. प्रतिकृतीवर नवी बसवता येते.

दुसरी माशी तीन आठवड्यांत नेमावर आली. डावी-उजवीकडची एक अडचण राहिली: सकाळी गोळ्या दोन इंच डावीकडे, दुपारनंतर उजवीकडे. घोड्याची खाच एका बाजूने रुंद करावी की काय, असा विचार चालला होता. खाच उजवीकडे सरकली की गोळी उजवीकडे जाते, एवढं ठाऊक होतं. पण वेळेनुसार बदलणारा दोष धातूचा नसतो. घासलेलं पितळ चकाकत होतं. सकाळी ऊन उजवीकडून यायचं, मण्याची उजवी कड उजळायची, आणि माझे ६८ वर्षांचे डोळे त्या कडेलाच मण्याचा मध्य समजून ती खाचेच्या मधोमध धरायचे. खरा मणी मग डावीकडे, आणि गोळीही डावीकडे. यावर कानस चालत नाही. निरांजन लावलं, माशीवर काजळी धरली. मणी काळा झाला, सकाळ-दुपारचा फरक गेला. इथले जुने नेमबाजही माशी दिव्याच्या धुराने काळी करतात, हे नंतर कळलं.

मग अस्सल पिस्तुलाची पाळी आली. शेजाऱ्यांनी ते खास पुसून आणून ठेवलं होतं. क्रमांकावरून ते १८६१ सालचं ठरतं. चक्रावर कोरलेलं, टेक्सस आणि मेक्सिको यांच्या १८४३ सालच्या आरमारी लढाईचं दृश्य झिजून पुसट झालेलं. या पिस्तुलाने गेल्या तीन पिढ्यांत बार काढलेला नाही. पणजोबा यादवी युद्धात रसदखात्यात कारकून होते. घरची आख्यायिका अशी, की त्यांनी हे पिस्तूल कमरेला बांधलं, पण एकदाही झाडलं नाही. शेजारी हे हसत सांगतात, पण तितकंसं हसत नाहीत.

मी सवयीप्रमाणे आधी मापं घेतली. व्हर्नियर माशीला लावला आणि पुन्हा लावला. ४.४ मिलिमीटर. कोल्टच्या कारखान्यातून निघालेल्या पितळी मण्याची ही उंचीच नव्हे. भिंग काढलं. तिथे मणी नव्हताच. नळीच्या वरच्या पैलूत एक अरुंद चीर कापून त्यात पांढऱ्या धातूचं पातळ पातं बसवलं होतं, काळवंडल्यामुळे नुसत्या डोळ्यांना कळत नव्हतं. चांदी असावी. पात्याच्या मागे नळीवर एक गोल डाग होता: मूळ मण्याचं बुजवलेलं भोक. पात्याच्या माथ्यावर कानशीच्या रेघा होत्या, तिरप्या, एका दिशेच्या, शेवटच्या दोन-तीन अगदी हलक्या. उजव्या हाताच्या माणसाने पिस्तूल शिकंज्यात धरून, थोडं थोडं घासून, मध्ये थांबून केलेलं काम. घोड्याच्या नाकावरची खाचही प्रतिकृतीपेक्षा अर्धा मिलिमीटर खोल होती. दोन्ही बदल एकाच दिशेचे, गोळी खाली आणणारे.

म्हणजे माझ्या आधी कुणीतरी हेच सगळं केलं होतं. गोळ्या वर जाताहेत हे कळायला त्या माणसाने बार काढलेच असणार, बरेच काढले असणार, आणि कागदावर किंवा फळीवर मोजलेही असणार. तो माणूस पणजोबाच असेल असं म्हणता येणार नाही. १८६१नंतर पेटीत बंद होईपर्यंत ते कुणाच्या हातात गेलं याची नोंद नाही. मी शेजाऱ्यांना एवढंच सांगितलं, जेवढं धातूवर लिहिलं होतं.

ते बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. मग विचारलं, "यावर नवी माशी बसवली तर हे जाईल?"

"चीर रुंद करावी लागेल. हे पातं जाईल. रेघाही जातील."

त्यांनी पिस्तूल पेटीत ठेवलं. यंदाच्या स्पर्धेला ते नातवासमोर प्रतिकृती घेऊन उभे राहिले; पन्नासपैकी एकतीस गुण पडले, आणि वाईट शेवटच्या दोन बारांचा दोष त्यांनी चष्म्याला दिला. अस्सलाच्या पेटीत आता एक पुठ्ठ्याचं कार्ड आहे. त्यावर माशीची उंची, खाचेची खोली, दोन्हींतलं अंतर आणि बुजवलेल्या भोकाचा व्यास माझ्या अक्षरात लिहिला आहे, मिलिमीटरमध्ये आणि इंचांमध्ये. खाली त्यांनी स्वतः पेनने एक ओळ घातली आहे: कानस लावू नये.